पाटलाची बरोबरी

भादवा लागला की आमच्या घरात टेनिस सुरू होतं. लोकांकडे गणपती बसतात, महालक्ष्म्या येतात, पाठोपाठ पितरांची जेवणं. आमच्याकडेही ते सगळं असतंच, पण त्या सगळ्याच्या मधोमध, टीव्हीसमोर खुर्ची टाकून, आमचे हे बसलेले असतात. वय पंच्याऐंशी. कानात यंत्र, चष्म्याला दोरी. सामना तिकडे दिवसा होतो तेव्हा आपण झोपलेलो असतो, म्हणून नात तो सकाळी लावून देते, आणि तोवर घरात कोणी निकाल तोंडातून काढायचा नाही असा सक्त हुकूम असतो. दूधवाल्यालासुद्धा. बिचाऱ्या दूधवाल्याला टेनिस कशाशी खातात तेही ठाऊक नाही.

यंदा नात आदल्या दिवसापासूनच नाचत होती. कोणी एक मोठा खेळाडू आहे, तो ही स्पर्धा जिंकला तर जुन्या काळातल्या कुणाच्या तरी विक्रमाची बरोबरी होणार. "आजी, कल इक्वल करेगा वो, देखना!" ती म्हणाली. यांनी लगेच खुर्चीतून मान वळवली आणि शब्द सुधारला, "बरोबरी म्हण, बरोबरी." मी पोळ्यांचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. कणीक अजून भिजवलेलीही नव्हती.

हा शब्द मला सोसत नाही. साठ वर्षांहून जास्त झाली, तरी नाही.

भिलाईच्या स्मृति नगरातलं आमचं घर मुलानं बांधलं. गच्चीवर गेलं की लांबवर पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. भादव्यात पाऊस उघडला की ऊन असं काही निघतं की कातडी सोलावी. जमीन खालून ओली, वरून तापलेली, आणि तिच्यातून एक कोंदट वाफ निघते. त्या वाफेत पूर्वी गंजाचा वास असायचा. आता नसतो, किंवा माझं नाक म्हातारं झालं असेल. पण मी गच्चीवर कपडे वाळत घालायला उभी राहिले की मला तो वास येतोच, आणि त्याच्यापाठोपाठ लाल मुरमाचा चिखल, नळावरची रांग, काशीच्या गवताला आलेले पांढरे तुरे, आणि बांधल्या जाणाऱ्या त्या अवाढव्य कारखान्याचे लोखंडी सांगाडे. एका भादव्यापुरतं सगळं आयुष्य तिथेच उभं होतं.

तेव्हा आम्ही कॅम्प वन नावाच्या मजुरांच्या वस्तीत राहत होतो. विटामातीची एक खोली, वर पत्रा. लग्नाला दीड वर्ष झालेलं, मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली, सातवी पास, आणि त्या सातवीचा गर्व अंगात मावत नसलेली. हे खलाशी होते. खलाशी म्हटलं की माझ्या माहेरच्या बायकांना समुद्र आठवायचा, आणि मला दर वेळी समजावून सांगावं लागायचं की भिलाईचा खलाशी म्हणजे जड लोखंड दोरांनी वर चढवून जागच्या जागी बसवणारा माणूस. यांची गँग मिलच्या शेडवर कैच्या चढवायची. छपराचे ते त्रिकोणी सांगाडे आमच्या घराच्या चौपट-पाचपट लांब असायचे. ते वर घ्यायचे झाले की खालून आरोळी उठायची ‘हबेस!’, आणि खाली सोडायचे झाले की ‘आरिया!’. ही भाषा घरातही शिरली होती. नळावरून भरलेली गुंडी माझ्या डोक्यावर चढवून देताना हे शेजाऱ्यांना ऐकू न जाईल इतक्या हळू आवाजात ‘हबेस’ म्हणायचे, आणि मला हसू येऊन अर्धं पाणी अंगावर सांडायचं.

टेनिस यांना सापडलं तेही कामावरच. साहेबांच्या क्लबात मैदानाभोवती जाळीचे खांब उभे करायला यांच्या गँगला दोन दिवस पाठवलं होतं. मैदान नीट तयारही झालं नव्हतं, पण एक रशियन इंजिनीयर आणि त्याची बायको कसल्या उतावळीनं खेळायला आले. हे खांबावर चढलेले, तिथूनच बघत राहिले. घरी आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"चेंडू वर फेकते न," मला सांगायला लागले, "तं थो वर जाऊन एक घडी थांबते. ना वर, ना खाली. तवाच मारते. आधी मारला तं गेला, मंग मारला तं गेला."

"मंग त्यात काय एवढं?" मी म्हटलं.

"अवो, आमची कैची बी तशीच थांबते. झुलते, झुलते, अन् एक घडी उभी राह्यते. तेवढ्यातच बोल्ट घालाव लागते. थो माणूस आमचंच काम करून राहिला."

मला तेव्हा ते कळलं नाही. आज कळतं. आपल्या हातातलं काम जगात दुसरा कोणी पांढरे कपडे घालून करतो, आणि त्यासाठी लोक टाळ्या वाजवतात, याचं यांना अप्रूप वाटलं होतं. यांच्या कामाला टाळ्या नव्हत्या. यांच्या कामाला भोंगा होता, चढायचा आणि उतरायचा.

मग शोध सुरू झाला. कॅम्पच्या बाजारात एका केस कापणाऱ्याच्या दुकानात नागपूरचं वर्तमानपत्र गाडीनं यायचं, एकदोन दिवस शिळं होऊन. त्यात मागच्या पानावर, कुस्त्या आणि क्रिकेटच्या खाली, कधीमधी चार ओळी टेनिसच्या असायच्या. त्या ओळींतून यांनी आपला एक खेळाडू निवडला. परदेशी माणूस, नाव असं की ना यांना म्हणता यायचं ना गँगमधल्या कोणाला. शेवटी गँगनं त्याचं नाव पाटील ठेवलं. "काय रे, तुह्या पाटलाचं काय झालं?" असं एकमेकांना उंचावरून ओरडून विचारायचे. एकदा त्याचा फोटो छापून आला, दोन्ही हात वर केलेला. तो यांनी न्हाव्याकडून मागून आणला आणि लेईनं ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. माझी लग्नाची साडी काढायला ट्रंक उघडली की आधी पाटील हात वर करून उभे.

मी पुष्कळ टिंगल केली. सामन्याचे आकडे पाहून मी विचारलं होतं, "सहा-दोन म्हणजे हा बी पयल्या पाळीत जाते काय?" कारण आमच्या वस्तीत सहा-दोनचा अर्थ एकच, सकाळी सहा ते दुपारी दोन. हे इतके हसले की खाटेवरून उठून बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गँगला सांगून आले.

त्या वर्षी पावसाळा सरत आला तशी बातमी आली की जुन्या काळातल्या एका दादा खेळाडूनं एका वर्षात जेवढ्या मोठ्या स्पर्धा मारल्या होत्या, तेवढ्या मारायला पाटलाला आता एकच कमी आहे. ती भादव्यात होती. हे दिवस मोजायला लागले. मीही मोजत होते, पण माझे दिवस वेगळे होते. मला सातवा महिना लागणार होता.

शेडच्या पायथ्याशी काळा रंगवलेला एक पत्रा उभा केला होता, त्याला सगळे बोर्ड म्हणत. आठवड्यात कोणत्या गँगनं किती कैच्या चढवल्या ते त्यावर खडूनं लिहीत. सगळ्यात वरचा आकडा मात्र खडूचा नव्हता, रंगानं लिहिलेला होता. अकरा. पंजाबी खलाशांची एक गँग आधी इथे काम करून दुसऱ्या मुलखात निघून गेली होती, तिचा तो विक्रम. यांची गँग आठापर्यंत पोचायची, एकदा नऊपर्यंत. हे त्या अकरावर डोळा ठेवून होते. मोडायचा नव्हता यांना. मी विचारलं, तर म्हणाले, "मोडाव कायले? त्या माणसाईनं एवढी जान लावली. त्याइच्या बाजूले जाऊन उभं राहाव, बस. पाटील बी तेच करून राहिला."

आणि त्या अकराशी आमच्या वस्तीनं एक गोष्ट जोडून टाकली होती. ज्याचं नाव बोर्डावर चढलं, त्याचं नाव रेग्युलरच्या यादीत चढणार. बांधकामाचे मजूर ठेकेदाराचे. बांधकाम संपलं की ठेकेदार गेला आणि मजूरही गेला. पण कारखाना चालवायला माणसं लागणार, आणि ती काही निवडक जुन्यांतून कायम करणार, एवढं खरं होतं. बोर्डाचं मात्र कोणी सांगितलं? साहेबानं नाही, ठेकेदारानं नाही, मुकादमानं नाही. आता आठवून पाहते तर एकही तोंड डोळ्यासमोर येत नाही. नळावर रांगेत उभं राहून आम्ही बायकांनीच ते एकमेकींना सांगितलं, संध्याकाळी नवऱ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यांकडून ते पक्कं होऊन परत आलं.

मला ते हवंच होतं. पक्कं क्वार्टर, घरात नळ. पण त्याहून जास्त मला दवाखाना हवा होता. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी घरातच गेली, मी नऊ वर्षांची होते, आणि दाराच्या फटीतून मी काय पाहिलं ते मी इथे लिहिणार नाही. कामावर असेपर्यंत मजुराला कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड मिळायचं, त्यावर बायकोचंही नाव असायचं. ते कार्ड मी पोथीसारखं जपून ठेवलं होतं. दिवाळीनंतर मला दिवस भरणार होते. शेडचं काम संक्रांतीपर्यंत चालेल असा सगळ्यांचा अंदाज. म्हणजे रेग्युलर झालो नाही तरी माझं बाळंतपण त्या कार्डावर निघून गेलं असतं. हा हिशेब मला तोंडपाठ होता, आणि तरीही मी पुढचं केलं.

पोळा झाला, तीजा म्हणजे इकडची हरतालिका आली. आमच्या शेजारची बिसाहिन तीजेला माहेरी जाऊन परत आली, येताना माझ्यासाठी खारी ठेठरी आणि गोड खुरमी घेऊन आली. ती शेडवरच रेजा होती, डोक्यावरून गिट्टी वाहायची. मला कामावर काय चाललंय ते सगळं तिच्याकडून कळायचं. त्या दिवशी तिनं टोपली खाली ठेवली नाही तोच म्हणाली, "तोर गोसइया के नाँव बोरड म ऊपर चढ़त हे, दीदी." माझ्या नवऱ्याचं नाव बोर्डावर वर चढतंय. तिच्या त्या एका वाक्यानं मी दिवसभर तरंगत होते. ठेठरीसुद्धा गोड लागली.

पाटलाचा शेवटचा सामना त्याच आठवड्यात. आदल्या रविवारी दुपारी हे घरी आले ते विचारात पडूनच. यांच्या गँगमधले जुने जाणते म्हणजे दौलत मिस्त्री. धरणं, पूल, गोदामं, कुठं कुठं काम करून आलेले, आमच्याच भंडाऱ्याकडचे. त्यांनी सगळ्यांना झाडाखाली बसवून सांगितलं होतं, "पोट्टेहो, कायले एवढी घाई करून राहिले? यार्डात पाह्यलं काय, किती कैच्या उरल्या? शेड झालं का आपलं बिऱ्हाड उठलं. हळू घ्या रे." पोरं हसली होती. हे हसले नव्हते.

"मिस्त्री म्हणते थे बी खरं हाय," हे खाटेवर बसून म्हणाले. "हळू घेतलं, हप्त्याले एक-दोनच चढवल्या, तं दोन-तीन महिने निघतीन. तुह्यं बाळंतपन बी तेवढ्यात होऊन जाईन."

मी भाकरी थापत होते. पाठ भरून आलेली, सकाळपासून नळावर दोन खेपा झालेल्या. रांगेत एका बाईनं मला विचारलं होतं, तुझ्या घरच्यांचं अकरा कधी होणार, आणि मी ठसक्यात ‘याच हप्त्यात’ म्हणून आले होते. मी मागं न बघता म्हटलं, "तुमच्या पाटलानं हळू घेतलं काय? नाई घेतलं न? मंग कायले फोटो चिकटवता?"

एवढंच. भाकरी उलटली आणि यांना वाढली. हे जेवले, हात धुतला, बाहेर जाऊन बसले. त्या वाक्याबद्दल हे पुढे कधी बोलले नाहीत. विसरले असतील, असं मी धरून चालत आले आहे. पुरुषांना बायकांची चुलीपाशी बोललेली वाक्यं लक्षात राहत नाहीत, निदान राहू नयेत.

सोमवारपासून गँग नुसती झपाटली. हे घरी आले की हाताला दोराचे वळ, मी तेल लावायची आणि विचारायची, "आज किती?" दोन. पुन्हा दोन. बुधवारी दुपारी न्हाव्याच्या दुकानात कागद आला. पाटील जिंकला होता. बरोबरी झाली. हे कागद हातात घेऊन बाजारातून पळत घरी आले, आणि मला वाचून दाखवलं. चारच ओळी, पण यांनी त्या तीनदा वाचल्या. डोळ्यांत पाणी होतं. तिकडे कुठल्याशा देशात एक माणूस जिंकला, त्याला भिलाई नावाचं गाव ठाऊक नाही, खलाशी ठाऊक नाही, आणि आमच्या मातीच्या ओट्यावर उभा राहून माझा नवरा त्याच्यासाठी रडतोय. मी त्या क्षणी यांच्यावर जितकं प्रेम केलं तितकं आधी कधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. "आता तुमचीच पाळी," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी बिसाहिननं मला हाताला धरून रस्त्याच्या कडेच्या बांधावर नेलं. तिथून शेड समोर दिसायचं. आणखी पाचपंचवीस बायका, कडेवर पोरं घेऊन. ऊन असं की डोळ्यावर हात धरल्याशिवाय बघवत नव्हतं. उंचावर बिंदूएवढी माणसं, त्यातले हे कोणते ते मला कोणी सांगावं लागलं नाही. खालून ‘हबेस’ आली आणि कैची जमिनीवरून उठली. दोरांवर झुलत, फिरत वर गेली, वर जाऊन डुलली. आणि मग थांबली. मी पाहिलं, खरंच थांबली. यांनी बोल्ट घातला. दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं घातला. आणि मग यांनी फोटोतल्यासारखे दोन्ही हात वर केले, तिथे, त्या लोखंडावर, काही न धरता. खालून सगळे ओरडले. साहेब लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते. बिसाहिन वाजवत होती. मी वाजवल्या. पोटातलं पोर उसळलं, तर मी त्यालाही म्हटलं, बघ.

अकरा झाल्या होत्या. बारावी चढवता आली नसती, कारण बारावी नव्हतीच. शेडपलीकडचं यार्ड, जिथे गेल्या वर्षापासून कैच्यांचे ढीग पडलेले असायचे, ते मोकळं झालं होतं. मला ते बांधावरून स्वच्छ दिसलं होतं. मी मनात म्हटलं, कसं छान वाटतंय, अंगण झाडल्यासारखं.

दसऱ्याच्या आतच गँग मोडली. यादी लागली ती रेग्युलरची नव्हती. ज्यांचं काम संपलं त्यांची होती, आणि तिच्यात सगळी गँग होती, ओळीनं, जशी बोर्डावर होती तशी. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. काम संपलं होतं, तेही वेळेआधी, आणि ठेकेदाराच्या माणसानं सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवून शाबासकी दिली. हे कमरेचा पट्टा आणि पाने परत करायला गेले तेव्हा कार्डही परत द्यायचं होतं. मीच ते कपड्यांतून काढून दिलं. हातात देताना मी म्हटलं, "राहू द्या न, कोन पाह्यते?" हे म्हणाले, "नाव कटलं न वो. कार्डाचं काय करतं?" दौलत मिस्त्री त्याच दिवशी दुसऱ्या कामावर निघाले, कुठल्याशा धरणावर. यांनाही चला म्हणाले. हे माझ्याकडं बघून नाही म्हणाले. मिस्त्री आम्हाला लावून बोलले नाहीत, एक शब्दही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण चांगली होती, वस्तीतली अर्धी पोरं तिच्या हातची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच यांना सांगितलं की दुर्गच्या सरकारी दवाखान्यात न्या. हे बैलगाडी घेऊन आले. गाडीत बिसाहिन माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं, वास येत होता, मला आठवतं. गाव दिसायच्या आत मुलगी झाली. ती रडली नाही. बिसाहिननं तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, नाकात फुंकर घातली. हे गाडीतून उतरून बैलांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. कार्ड असतं आणि कारखान्याच्या दवाखान्यात गेले असते तर ती रडली असती, असं कोणी लिहून दिलेलं नाही. मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलंय की शब्द झिजून गेलेत. संक्रांत यायला तेव्हा अजून पुष्कळ अवकाश होता.

पुढे आयुष्य झालं. हे हथखोजला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले, लोखंडाच्या पट्ट्या कापायचं काम, जमिनीवर बसून. स्टुलापेक्षा उंच पुन्हा कधी चढले नाहीत. घरात माळ्यावरून काही काढायचं असलं तरी मला सांगत. मुलगा झाला, तो कारखान्यात लागला, रेग्युलर. मी शिकत शिकत प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले आणि वर्षानुवर्षं पोरांना सांगितलं की मेहनत करा, मन लावून करा, सगळ्यांच्या पुढे जा. सांगताना तोंड कडू व्हायचं. ते शेड अजून उभं आहे. त्यात लोखंडाचे रूळ होतात असं मुलगा सांगतो. यांनी घातलेला बोल्ट कुठला, ते कोणाला ठाऊक?

त्या पाटलाचा मी राग राग केला. त्याचा दोष काय? तो आपल्या देशात सुखानं म्हातारा झाला असेल, नातवंडांना खेळवत असेल. पण माणसाला राग धरायला कोणीतरी लागतं, आणि आपला स्वतःचा राग धरून जेवण जात नाही. मला इतकी वर्षं वाटत आलंय की त्यानं तो सामना गमावला असता तर बरं झालं असतं. खांदा दुखला असता, पाऊस आला असता, काहीही. तेव्हापासून कुठलाही सामना असो, मी हरणाऱ्याच्या बाजूनं असते. यांना त्याचं आश्चर्य वाटतं. यांचं तसं नाही. वर्कशॉपमधून थकून येत, तरी बातमीच्या चार ओळी शोधत. रेडिओ आला तेव्हा रेडिओ, टीव्ही आला तेव्हा टीव्ही. ज्या गोष्टीनं आपलं घर खचलं तिच्यावरच हे जीव टाकून राहिले, आणि मला कधी कळलं नाही की हा भोळेपणा आहे की दुसरं काही.

तर परवा सकाळी तो सामना लागला. मी पोळ्या आटोपून येऊन बसले, पदराला हात पुसत. साडेतीन तास चालला. शेवटी तो खेळाडू चेंडू वर फेकून क्षणभर बघत राहिला, मारला, आणि गुडघ्यांवर कोसळला. बरोबरी झाली. नात किंचाळली, "आजोबा, कर दिया! अब नेक्स्ट टुर्नामेंट में तोड़ देगा!"

"याले पुढची टुर्नामेंट हाय," हे म्हणाले. एवढंच, आणि टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या हातांचा आवाज होत नव्हता.

नात चहा ठेवायला आत गेली. आम्ही दोघंच. पडद्यावर तो माणूस रडत होता, हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं. साठ वर्षं निघालं नव्हतं ते कसं निघालं, मला माहीत नाही. मी म्हटलं, "अवो, तुमी हळू घेनार होते. मीच म्हटलं होतं तुमाले, कायले फोटो चिकटवता म्हणून."

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. कानातलं यंत्र कधी चालतं, कधी नाही. यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"हो," हे म्हणाले. "मले आठवते. तू भाकरी थापत होती."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. नुसतं आठवत होतं. भाकरीसकट. या साठ वर्षांत रोज मी वाढलेलं जेवताना, दुसऱ्या पोराचं बारसं करताना, दर भादव्यात टीव्हीसमोर माझ्या शेजारी बसताना यांना ते आठवत होतं. हे विसरले असतील, या एका गोष्टीच्या जोरावर मी इथवर आले होते. आता तीही राहिली नाही.